ध्वनी व चित्र : शाळेबाहेर वाढलेली विद्या

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सह्याद्रीची दाट अरण्ये ओलांडून कारवारपाशी समुद्रास मिळते. १८६२ पासून हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड असा येथील पुष्कळ माणसांचा दिवस जातो. कुणबी, गवळी, सिद्दी अशा अनेक समाजांची वस्ती या डोंगरांत विखुरलेली आहे, आणि प्रत्येकाची गाणी, वाद्ये व बोलण्याची धाटणी निराळी आहे. पुढे गणेशगुडी येथे काळी नदीवर एकशे एक मीटर उंचीचे धरण झाले. १९८७ मध्ये ते पूर्ण झाले. जुने सुपा गाव त्या जलाशयाखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि विस्थापित कुटुंबांसाठी रामनगरची वसाहत उभी राहिली.

गाव पाण्याखाली जाते, तेव्हा सरकारी दप्तरात पुष्कळ गोष्टींची नोंद होते. शेत किती गुंठे, घराला खण किती, झाडे कोणती, मोबदला किती, हे सर्व लिहिले जाते. परंतु बाजारचा गलबला, जात्यावर बसलेल्या बाईचा स्वर, देवळाच्या घंटेचा नाद आणि एकाच वाक्यात तीन भाषांचे शब्द सहज ओवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे यांना दप्तरात रकाना नसतो. त्या काळी चलच्चित्र टिपणारे यंत्र जड होते व महागही होते. शेतकऱ्याच्या घरी किंवा तालुक्याच्या शाळेत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. आज तेच यंत्र भ्रमणध्वनीच्या रूपाने खिशात मावते. तथापि यंत्र हाती येणे निराळे आणि विद्या अंगी येणे निराळे. ध्वनी व चित्र यांची ही विद्या महाराष्ट्रात व मराठी मुलखात कोणी, कोठे आणि कशी शिकली, व माध्यमिक शाळेच्या दारात पोहोचण्यास तिला इतका विलंब का लागला, हा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

या विद्येचे मराठी मुलखातील पहिले मोठे विद्यार्थी म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला व छायालेखन यांचे धडे घेतले. मात्र चलच्चित्राची शाळा तेव्हा हिंदुस्थानात कोठेच नव्हती. चाळिशी उलटल्यावर, १९१२ साली, ते लंडनला गेले. तेथे चित्रपट काढणाऱ्यांचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परतले. कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी प्रथम एका वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो, याचे छोटे चित्र तयार केले. दिवसांमागून दिवस थोडे थोडे टिपलेले ते दृश्य पडद्यावर क्षणभरात उलगडले. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत लोकांपुढे आला.

फाळक्यांच्या कीर्तीपुढे त्यांच्या घरातील शाळा झाकली गेली आहे. त्या काळी कोरी फिल्म कडेची छिद्रे न पाडता येत असे. अंधाऱ्या खोलीत, केवळ बोटांच्या स्पर्शावर, एकसारख्या अंतराने ती छिद्रे पाडावी लागत; अंतर किंचित चुकले की पडद्यावरचे चित्र थरथरे. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुणे, रसायने कालवणे, चित्रीकरणाच्या मंडळींचा संसार सांभाळणे हेही त्यांनीच केले. कोणत्याही शाळेने त्यांना प्रवेश दिला नव्हता. घर हेच त्यांचे विद्यालय झाले. पुढे १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लहान चित्रपटच काढला. आपली विद्या गुप्त न ठेवता लोकांस उघड करून दाखविण्याची ही बुद्धी खऱ्या शिक्षकाची होती.

दुसरी शाळा कोल्हापुरात भरली. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर यांनी सुतारकाम, लोहारकाम आणि स्वतःची तल्लख बुद्धी यांच्या बळावर १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा घडविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. या कारखान्यात विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर अशी मंडळी तयार झाली आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रण नावाचे एक अपरिचित शास्त्र एकाएकी पुढे उभे राहिले. ती बाजू दामल्यांनी उचलली. पडदे रंगविण्यापासून आयुष्य सुरू केलेल्या या माणसाने यंत्र उघडून, जोडून, बिघडवून आणि पुन्हा दुरुस्त करून ध्वनी वश करून घेतला. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ ही या स्वयंशिक्षणाची फळे होत.

या कारखान्यांची थोरवी मोठी होती, पण त्यांची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. तेथे शिकण्यास पाठ्यपुस्तक लागत नसे, इंग्रजी लागत नसे आणि पदवीही लागत नसे; मात्र तेथपर्यंत पोहोचावे लागे. कोल्हापूर किंवा पुणे गाठू शकणारा, घरदार सोडू शकणारा आणि कोणाची तरी ओळख काढू शकणारा तरुणच त्या दारातून आत जाई. सुप्याच्या रानातील मुलाला ते दार ठाऊकही नव्हते. कारखान्याची विद्या अशी माणसापासून माणसाकडे गेली. गावापासून गावाकडे ती गेली नाही.

येथे १९३७ या वर्षाचा विशेष विचार केला पाहिजे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि महात्मा गांधींनी मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, हा विचार देशापुढे ठेवला. मुलाने सूत काढावे आणि त्या सुतातून गणित, भूगोल व इतिहास शिकावा, असे त्या योजनेचे स्वरूप होते. त्याच वर्षी दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या केंद्रांवरून शाळांसाठी नभोवाणीचे पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाले. एका विचाराने मुलाच्या हाती साधन दिले, तर दुसऱ्याने मुलाच्या कानी आवाज घातला. दोन्ही हेतू उदात्त होते. परंतु या दोन वाटा एकमेकींस मिळाल्या नाहीत. मूलोद्योगी शाळेत चरखा आला, पण ध्वनिग्राहक आला नाही. नभोवाणी ऐकणाऱ्या शाळेत रेडिओ आला, पण मुलाने स्वतः बोलावे, कार्यक्रम रचावा, अशी सोय झाली नाही. ध्वनिचित्रांचे शिक्षण पुढे कित्येक वर्षे का अडखळले, याचे मूळ या फारकतीत सापडते.

स्वातंत्र्यानंतर नभोवाणीचा विस्तार झपाट्याने झाला. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाड केंद्र सुरू झाले, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पणजीचे केंद्रही भारतीय नभोवाणीत आले. धारवाड आणि पणजी या दोन केंद्रांच्या मध्ये जोयड्याचा प्रदेश आहे. शाळेसाठी होणारा कार्यक्रम ठरल्या वेळी लागे, मुले ओळीने बसत आणि शिक्षक आधी विषयाची तयारी करून घेत. दूरच्या विद्वानाचा शुद्ध उच्चार खेड्यातील मुलाच्या कानी पडे, हा लाभ लहान नव्हता. ज्या शाळेत ग्रंथालय नव्हते, तेथे त्या पेटीने ग्रंथालयाचे काम केले. पण मुलाचा उच्चार मात्र त्या पेटीतून कधी बाहेर पडला नाही. त्याच्या वाट्याला ऐकणे एवढेच आले.

याच काळात पुणे केंद्राने एक निराळा प्रयोग केला आणि तो जगभर वाखाणला गेला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळातील गावकरी तो एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व अनुभव पुणे केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान इतर गावांपेक्षा लक्षणीय वाढल्याचे आढळले. रेडिओ या गावांतही होता आणि त्या गावांतही होता. फरक पडला तो श्रोत्याला उलट बोलता आले म्हणून. ज्याला उत्तर द्यावयाचे असते तो अधिक लक्षपूर्वक ऐकतो, हा या प्रयोगाचा धडा शाळांनी घ्यावयास हवा होता.

यानंतर चित्राचे युग आले. ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली आणि पुण्यातील तिच्याच वास्तूत १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. कारखान्याची विद्या अशा रीतीने प्रथमच विद्यालयात आली. १९७४ मध्ये दूरदर्शनच्या प्रशिक्षणाची जोड मिळून तिचे नाव भारतीय चित्रपट आणि दूरदर्शन संस्था असे झाले. छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन व दिग्दर्शन यांचे रीतसर वर्ग येथे चालू लागले. पण हे शिक्षण प्रौढ, निवडक विद्यार्थ्यांचे होते. माध्यमिक शाळेतील मुलापासून ते फार दूर होते.

शाळकरी मुलासाठी दूरदर्शन आले ते पुन्हा पाहण्यासाठीच. दिल्लीतील शाळांसाठी १९६१ मध्ये दूरदर्शनवर पाठ सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले; त्यांत कर्नाटकातील खेडीही होती. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी गावासाठी असे ते कार्यक्रम असत. वीजही जेथे नवी होती तेथे अवकाशातून चित्र उतरले, ही गोष्ट विलक्षण होती. पुढे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि मराठी मुलांसाठी तिने अनेक शैक्षणिक चित्रफिती काढल्या. एका पिढीच्या मनात तिची सूरधून अजून घर करून आहे. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. तिने मुलांना उत्तम प्रेक्षक केले, याबद्दल मराठी समाज तिचा ऋणीच राहील. परंतु ती धून कशी बांधली गेली, कॅमेरा कोठे ठेवला होता आणि दोन दृश्यांचा सांधा कसा जुळला, हे त्या मुलांच्या वाट्यास आले नाही.

ही विद्या फक्त निवडकांनाच जमते, असा एक समज या सर्व व्यवस्थेमागे होता. तो खोटा ठरविण्याचे काम शाळेने नव्हे, तर कष्टकरी स्त्रियांनी केले. ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली त्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, अहमदाबादेत ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासद स्त्रियांना व्हिडिओ यंत्रे चालविण्यास शिकविले. त्यांत कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बटणांवरील चिन्हे त्यांनी आकारांवरून ध्यानात ठेवली आणि आपल्या धंद्याची, आपल्या अडचणींची चित्रे स्वतः काढली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. आणि २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी गावी ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू झाले. माणदेशाची बोली माणदेशाच्याच माणसांच्या तोंडून प्रसारित होऊ लागली. सरस्वतीबाई फाळक्यांनी अंधाऱ्या खोलीत जे सिद्ध केले, तेच जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा सिद्ध झाले : साधन हाती द्या, थोडे जवळ बसून शिकवा, विद्या येते.

आज माध्यमिक शाळांत जनमाध्यमांचा विषय येऊ लागला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कौशल्यविषयांत तो आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने सहावीपासूनच व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी असे म्हटले आहे. वर्ध्याची वाट आणि नभोवाणीची वाट एकत्र येण्याची ही संधी आहे. मात्र विषय वेळापत्रकात आला म्हणजे तो शिकविला गेला, असे होत नाही. व्याख्या पाठ करून गुण मिळविण्याचा तो आणखी एक विषय झाला, तर १९३७ ची चूक नव्या कागदावर पुन्हा छापली जाईल.

प्रत्यक्षात हे शिक्षण महाग नाही. ध्वनिग्राहक तोंडाच्या फार जवळ धरला तर श्वासाचा फुत्कार येतो आणि फार दूर धरला तर खोलीचा घुमारा येतो. मधले अंतर कानानेच शोधावे लागते. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या तर घुमारा पुष्कळ कमी होतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण करू नये, हे कोकणपट्टीतील मुलाला पुस्तकाने सांगावे लागत नाही. बोलणे संपल्यावर त्या जागेची निःशब्दता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावी. दोन वाक्यांचा सांधा झाकण्यास ती उपयोगी पडते. चित्र घेताना माणसाच्या पाठीशी खिडकी नसावी, नाही तर मुखावर काळोख येतो. एकेका सेकंदात पंचवीसच्या आसपास स्थिर चित्रे सरकतात म्हणून डोळ्यांस गतीचा भास होतो, हे कळले की भौतिकशास्त्राचा धडा आपोआप होतो. पूर्वी ध्वनिफितीचे तुकडे पात्याने तिरपे कापून चिकटवीत. आज ते काम पडद्यावर होते. पण कोणते वाक्य ठेवावे आणि कोणते गाळावे, हा निर्णय यंत्र घेत नाही. गाळताना बोलणाऱ्याचा अर्थ बदलू नये, ही जबाबदारी विद्यार्थ्याला समजली, तर भाषेचा आणि नीतीचा धडाही त्यातच होतो.

या विषयाविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. मुले आधीच यंत्राच्या आहारी गेली आहेत, त्यांना आणखी यंत्र का द्यावे, असे पालक विचारतात. परंतु जो सारा वेळ केवळ पाहतो, तोच आहारी जातो. एक मिनिटाचे चित्र जोडण्यास दोन दिवस खपलेल्या मुलाला दुसऱ्याचे चित्र कसे जुळविले आहे, कोठे भुलविले आहे, हे दिसू लागते. खोट्या बातम्यांच्या आणि बनावट चित्रांच्या या काळात हे डोळस पाहणे अक्षरज्ञानाइतकेच निकडीचे आहे. सर्वांना या क्षेत्रात नोकऱ्या कोठून मिळणार, हा दुसरा आक्षेप. नोकऱ्या सर्वांना मिळणार नाहीत, हे खरेच. पण निबंध लिहावयास शिकलेली सर्व मुले लेखक होत नाहीत, म्हणून कोणी निबंध बंद करीत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शिकविणार कोण? शिक्षकालाच ही विद्या कोणी दिलेली नाही. त्याचे उत्तर दामल्यांच्या उदाहरणात आहे. विद्यार्थ्याच्या बरोबरीने यंत्र उघडून बसण्याची तयारी असलेला शिक्षक प्रारंभास पुरेसा आहे. मात्र त्याला वेळ, थोडे प्रशिक्षण आणि प्रयोग फसण्याची मुभा शिक्षणखात्याने दिली पाहिजे.

जोयड्यासारख्या तालुक्यात तर या विषयाचे मोल शहराहून अधिक आहे. शहरातील मुलाच्या आयुष्याची चित्रे काढणारे पुष्कळ असतात. जोयड्याची चित्रे बाहेरचे लोक काढतात : कोणी वाघांची, कोणी धबधब्यांची, कोणी धरणाची. त्यांत येथील माणूस क्वचित दिसतो आणि दिसलाच तर त्याच्याविषयी दुसराच कोणी बोलत असतो. जोयड्याच्या कुणब्यांनी जपलेल्या कंदांचा आता गावोगाव गौरव होतो. पण तो कंद केव्हा लावावा, केव्हा खणावा आणि कसा साठवावा, हे ज्या आजीला ठाऊक आहे तिच्या तोंडून ते तिच्याच नातीने मुद्रित केले, तर ती नोंद शेतीची होईल, भाषेची होईल आणि इतिहासाचीही होईल. रामनगरच्या घरांत आज जे वृद्ध आहेत, त्यांनी जुन्या सुप्याचा बाजार डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांची नातवंडे आज माध्यमिक शाळांच्या वयाची आहेत. एका पिढीजवळ आठवण आहे आणि दुसरीजवळ यंत्र आहे. मध्ये फक्त शिकविणारा हवा.

अशा कामात काही पथ्ये पाळावी लागतील. ज्याचा आवाज घ्यावयाचा त्याची संमती आधी घ्यावी, मुद्रण त्याला ऐकवावे आणि तो नको म्हणेल तो भाग काढून टाकावा. बोली शुद्ध करण्याच्या भरात तिचा जीव जाऊ देऊ नये. मराठी, कोकणी, कन्नड यांपैकी जी भाषा बोलणाऱ्याच्या तोंडी येईल तीच ठेवावी. सीमेचे वाद मोठ्या माणसांनी करावेत, ध्वनिफितीने करू नयेत. प्रत्येक मुद्रणावर दिवस, गाव आणि बोलणाऱ्याच्या परवानगीने त्याचे नाव लिहून ते शाळेच्या कपाटात आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावे, कारण एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एकाच पावसात जाते.

गेल्या शतकात ही विद्या घरात वाढली, कारखान्यात वाढली, राजधानीच्या व शहरांच्या संस्थांत वाढली. शाळेत मात्र ती ऐकण्या-पाहण्यापुरतीच आली. आता ती मुलांच्या हाती देण्यास फारसा खर्च उरलेला नाही आणि सबबही उरलेली नाही. उरला आहे तो वेळ, आणि तोही थोडाच. जुन्या सुप्याच्या वाटा चाललेली माणसे आता थकली आहेत, आणि त्यांचे बोलणे टिपून घेण्याचे काम पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकासाठी थांबणारे नाही.